कोडीचा रिमोट जोडताना: आपोआप शोध की हाताने पत्ता?

फोनवरचं कोरे (Kore) हे रिमोटचं ॲप टीव्हीशेजारच्या यंत्रावरचा कोडी (सिनेमे-गाणी चालवणारा मीडिया प्लेअर) शोधतच बसलं, तर दोन वाटा आहेत: पुन्हा शोधायला लावा, नाहीतर आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्या यंत्राचा क्रमांक) हाताने टाका.

आपोआप शोध सोयीचा खराच. कोडीत झिरोकॉन्फ (यंत्राने नेटवर्कवर स्वतःची ओळख जाहीर करण्याची सोय) चालू असलं की त्याचं नाव फोनवर उमटतं. पण हा शोध ५३५३ या यूडीपी पोर्टवरच्या (पोर्ट म्हणजे यंत्राचं क्रमांकाचं दार) मल्टिकास्टवर, म्हणजे एकाच वेळी अनेक यंत्रांना घातलेल्या हाकेवर, चालतो आणि काही राउटर नेमका तोच अडवतात. चूक कुठे झाली हेही हा शोध सांगत नाही, नुसतं चाक फिरत राहतं.

हाताने पत्ता टाकायला जरा वेळ लागतो, पण दोष सापडतो तो इथेच. कोडीच्या सेटिंग्जमध्ये सर्व्हिसेस, मग कंट्रोल उघडा आणि एचटीटीपीवरून (ब्राउझर वापरतो त्या पद्धतीने) रिमोट कंट्रोलला परवानगी द्या. पोर्ट बहुधा ८०८०. पासवर्ड ठेवाच, १९व्या आवृत्तीपासून कोडी तो मुळातच मागतो. आता ॲप बाजूला ठेवून फोनच्या ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.२०:८०८० असा तुमच्या कोडीच्या यंत्राचा पत्ता आणि पोर्ट टाका. कोडीचं वेब पान उघडलं, तर नेटवर्क ठीक आहे, गडबड बहुधा ॲपमधल्या नोंदीत आहे. पान उघडलंच नाही, तर फोन गेस्ट वायफायवर आहे का ते आधी बघा, मग फायरवॉल (बाहेरच्या जोडण्या अडवणारी सोय).

हाताने टाकलेल्या पत्त्याची एकच अडचण: राउटर तो कधीही बदलू शकतो. म्हणून राउटरमध्ये तो त्या यंत्रासाठी राखून ठेवा. मी तरी नेहमी हीच वाट धरायला सांगेन.