पद्मिनीच्या पुढच्या सस्पेन्शनचे घरी केलेले काम : दहा महिन्यांनंतरचा अनुभव

माझ्याकडे १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. गेल्या एप्रिलमध्ये तिचे पुढचे सस्पेन्शन मी पुण्यातील घराच्या पार्किंगमध्ये पूर्ण उतरवून नव्याने बसवले. त्यानंतर गाडी साडेपाच हजार किलोमीटर चालली असून त्यात एक पूर्ण पावसाळा निघाला आहे.

या कामापूर्वी साठच्या वेगापुढे स्टिअरिंग थरथरत असे आणि खड्ड्यात डावीकडून ठक्क असा आवाज येत असे. शॉक अब्झॉर्बर बदलूनही फरक पडला नव्हता. शेवटी चाक जॅकवर उचलले, वरून व खालून धरून हलवले आणि मुलाला ब्रेक दाबून धरायला सांगितले. ब्रेक दाबल्यावर प्ले (चाकाचा ढिलेपणा) नाहीसा झाला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा आणि तसाच राहिला तर किंगपिनचा (पुढचे चाक ज्या उभ्या पिनेभोवती वळते तिचा), ही जुनी परीक्षा आहे. माझ्या गाडीत तो तसाच राहिला.

या गाडीला पुढे दुहेरी आर्म (चाक गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे वर-खालचे दोन दांडे) आणि कॉइल स्प्रिंग आहेत. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये माणसाला जायबंदी करण्याइतकी ताकद असते, त्यामुळे स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय आर्मचे नट सैल करू नयेत, आणि गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता भक्कम घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घ्यावी. गंजून बसलेली डावी किंगपिन दोन रात्री तेलात भिजल्यावरच हलली. नवे बुश (पिन ज्यात फिरते ते नळीसारखे अस्तर) प्रेसवर बसवून रीमरने (भोक नेमक्या मापाचे करणाऱ्या हत्याराने) किंगपिनच्या मापात घेण्याचे काम मी लेथवाल्याकडे दिले आणि ते घरी न करण्याचा निर्णय योग्यच होता, असे आजही वाटते. बुशाचे भोक ग्रीस निप्पलच्या (ग्रीस भरण्याच्या तोंडाच्या) वाटेशी जुळले आहे की नाही, हे मात्र पिन घालण्यापूर्वी स्वतः बारीक तार घालून पाहावे. ते जुळले नसेल तर कितीही ग्रीस मारले तरी पिन कोरडीच राहते.

माझी चूक झाली ती सायलेंट बुशच्या (आर्मच्या सांध्यातील रबरी बुशच्या) बाबतीत. चाके अधांतरी लोंबत असतानाच मी आर्मचे नट आवळले. या बुशातील रबर आवळलेल्या स्थितीत पकडले जाते, त्यामुळे गाडी खाली उतरताच त्याला कायमचा पीळ बसला. जूनमध्ये पाहिले तेव्हा दोन बुशांचे रबर कडेने फाटून त्याचे काळे तुकडे आर्मवर चिकटले होते. नवे बुश घालून, गाडी चाकांवर उभी करून, पुढचा भाग चार-पाच वेळा दाबून सोडल्यावरच नट आवळले. फेब्रुवारी उजाडला तरी त्या रबराला एकही चीर नाही. दुकानात मिळालेल्या किंगपिनच्या पहिल्या किटमधील एक पिन मायक्रोमीटरखाली मधोमध बारीक निघाली होती, म्हणून ते किट परत करावे लागले. सुटे भाग मोजल्याशिवाय घेऊ नयेत.

शेवटी टो-इन (पुढची चाके समोरच्या बाजूला किंचित आत वळलेली असण्याचे माप) जुळवून घेतले. आता वळणानंतर स्टिअरिंग आपोआप मध्यावर येते आणि ऐंशीलाही हातात कंप जाणवत नाही. पहिले हजार किलोमीटर ते थोडे जड होते, नंतर मोकळे झाले. दर दीड हजार किलोमीटरला मी चाके उचलून, बुशाच्या कडेने जुने काळे ग्रीस निघून नवे दिसेपर्यंत ग्रीसगन मारतो. पावसाळ्यात हे अंतर निम्मे केले होते, कारण पाण्यातून गेल्यावर उजव्या बाजूने कुरकुर ऐकू येत असे. ग्रीस भरले की ती थांबते.