तीन पिढ्यांचे दात, एकच दवाखाना

दापोलीच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर असलेल्या दातांच्या दवाखान्यात आमच्या घरातील सर्वांचे उपचार होतात. हा अभिप्राय प्रामुख्याने हर्णै, आंजर्ले, केळशी या पट्ट्यातील कुटुंबांसाठी लिहीत आहे. आपल्याकडे दात ठणकू लागल्याशिवाय तालुक्याला जाण्याची पद्धत नाही आणि लवंगेच्या तेलाने ठणका थांबला की तेही जाणे राहून जाते. या दवाखान्याची खरी किंमत तेथील यंत्रांत नाही. कोकणातील घरात काय खाल्ले जाते, दाताला काय लावले जाते आणि कोणत्या सवयी पिढ्यानपिढ्या चालत आल्या आहेत, हे विचारून मगच तेथे उपचार ठरवले जातात, आणि म्हणूनच तो मला सर्व कुटुंबासाठी योग्य वाटतो.

तक्रार एका दाताची असली तरी डॉक्टर आधी ओठांची आतील बाजू, दोन्ही गाल, टाळू आणि जिभेखालचा भाग पाहतात. आपल्या भागात या तपासणीचे महत्त्व फार मोठे आहे. माझ्या सासूबाई लग्न होऊन आल्यापासून मिश्री लावतात. खालच्या हिरड्या खाली सरकून दातांची मुळे उघडी पडली होती आणि त्यामुळे दात शिवशिवत होते. शिवशिवतात म्हणून पुन्हा मिश्री, असे ते चक्र होते. डॉक्टरांनी त्यांना रागावून काही सांगितले नाही. ‘आजी, मिश्रीने दुखणे दबते, बरे होत नाही, आणि तंबाखू हिरडीतून सरळ रक्तात जातो,’ एवढेच समजावले. गालाच्या आतील पांढरट चट्ट्याचे छायाचित्र काढून ठेवले आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले, कारण तोंडातील जखम किंवा चट्टा तेवढ्या काळात गेला नाही तर त्याचा तुकडा तपासायला पाठवणे आवश्यक असते. सुदैवाने त्यांचा चट्टा पुढच्या तपासणीत फिका झालेला आढळला. तंबाखू असलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर भारतात १९९२ मध्ये बंदी आली, परंतु तव्यावर भाजून घरी केलेल्या मिश्रीपर्यंत तो नियम पोहोचत नाही. ती चूल असलेल्या कोणत्याही स्वयंपाकघरात तयार होते. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनीचा १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक डॉक्टरांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिला. सासूबाईंची दुपारची आणि रात्रीची मिश्री सुटली आहे, सकाळची अद्याप सुटलेली नाही, आणि डॉक्टर प्रत्येक भेटीत त्याविषयी न विसरता विचारतात. इतका चिवट पाठपुरावा मी अन्यत्र पाहिलेला नाही.

सुपारीच्या बाबतीतही त्यांचा आग्रह तसाच आहे. आपल्या बागांतून येणारी सुपारी घरची, म्हणून निरुपद्रवी, असा समज पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मात्र २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तंबाखू नसलेली सुपारीसुद्धा कर्करोगकारक असल्याचे नोंदवले आहे. सतत सुपारी चघळणाऱ्याच्या गालाचे आतील आवरण ताठ होत जाते, तिखट झोंबू लागते आणि हळूहळू तोंड उघडणे कमी होते. उभी धरलेली तीन बोटे तोंडात मावतात का, ही साधी चाचणी येथे बागायतदारांना आवर्जून करायला लावतात.

मुलीच्या बाबतीत मिळालेला सल्ला प्रत्येक आईवडिलांना ठाऊक असायला हवा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, त्यामुळे बहुतेक घरांत तीही दुधाचीच समजली जाते आणि किडली तरी ‘पडेलच’ म्हणून दुर्लक्षिली जाते. प्रत्यक्षात ती कायमची पहिली दाढ असते आणि तिच्याऐवजी दुसरी कधीच येत नाही. या दाढेचा पृष्ठभाग जांभ्या दगडासारखा खाचाखोचांचा असतो आणि ब्रशचे केस त्या खाचांच्या तळापर्यंत जात नाहीत. मुलीच्या दाढांतील खाचा डॉक्टरांनी पातळ लेप देऊन बुजवल्या. त्यासाठी ना इंजेक्शन लागले, ना दात कोरावा लागला. दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि कायमच्या दातांसाठी जागा राखून ठेवतात, म्हणून त्या वेळेपूर्वी काढण्याची घाई येथे केली जात नाही.

पेस्टच्या बाबतीत त्यांनी कोणत्याही कंपनीचे नाव सुचवले नाही, ही गोष्ट मला विशेष आवडली. नळीवर फ्लोराइडचे प्रमाण छापलेले असते, ते वाचायला शिकवले. आपल्याकडील नियमानुसार हे प्रमाण १००० पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत हजार भागांपेक्षा, अधिक नसते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यापुढील लहान मुलांना वाटाण्याएवढी पेस्ट पुरते. जाहिरातीत दिसणारा ब्रशभर पट्टा लागत नाही. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण भसाभसा चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड काही काळ दातांवर राहते. ब्रश मऊ केसांचा असावा आणि रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे कधीही चुकवू नये, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांचे नैसर्गिक संरक्षणही तेवढेच घटते.

आहाराविषयीची चर्चा तर खास आपल्या मातीतील होती. आंबापोळी, फणसपोळी आणि गुळाची चिक्की दाढेच्या खाचांत चिकटून बसतात. त्या बंद करा, असे कोणी सांगत नाही. जेवणाबरोबर खाव्यात, दिवसभर तुकडा तुकडा तोंडात ठेवू नये, एवढीच अपेक्षा असते, कारण किती गोड खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले हे किडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असते. कोकम सरबत, कैरी आणि करवंदांच्या आंबटपणामुळे दाताचे वरचे कवच तात्पुरते मऊ होते, म्हणून आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याची चूळ भरून अर्धा तास थांबावे. उन्हाळ्यात बाटलीतून सरबताचे घोट घेत बसणाऱ्या मुलांच्या घरी हा सल्ला भिंतीवर लावून ठेवण्यासारखा आहे.

सासऱ्यांना मधुमेह आहे आणि वरची कवळी आहे. उरलेला हलणारा एक दात काढण्यापूर्वी डॉक्टरांनी रक्तदाब मोजला, साखरेचा ताजा अहवाल मागितला आणि रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीविषयी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलून घेतले. गोळी स्वतःहून बंद करू नये, हेही बजावले. हिरड्यांचा आजार आणि मधुमेह एकमेकांना बळ देतात, म्हणून हिरड्यांची स्वच्छता हा साखर आटोक्यात ठेवण्याचाच भाग आहे, हे सासऱ्यांना प्रथमच कोणी नीट सांगितले. कवळी रात्री काढून साध्या पाण्यात ठेवायची असते. उकळत्या पाण्याने ती वाकडी होते.

स्वच्छतेबाबत मी समाधानी आहे. अवजारे वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करून बंद पाकिटात ठेवलेली असतात आणि ते पाकीट रुग्णासमोर फोडले जाते. पाकिटावरील पट्टीचा रंग वाफेच्या प्रक्रियेने बदलतो, तो बदललेला आहे की नाही, हे आपणही पाहू शकतो, आणि कोणत्याही दवाखान्यात ते पाहावे. दात साफ केल्याने दात हलतात, ही भीती अनेकांना असते. वस्तुतः दातांमध्ये साचलेला दगडासारखा थर निघाल्यावर आधीच तयार झालेल्या फटी दिसू लागतात, आणि हे येथे आरशात दाखवून समजावतात. खर्चाचा अंदाज उपचारापूर्वी लिहून मिळतो, पावती न मागता दिली जाते.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. खुर्ची एकच आहे, त्यामुळे एखाद्याचे रूट कॅनाल लांबले की पुढच्या सर्वांची वेळ कोलमडते आणि शेवटची एसटी गाठायची असणाऱ्यांची फार ओढाताण होते. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे येथे होत नाही. त्यासाठी दुसऱ्या गावी जावे लागते. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आलेले असताना नोंदणीशिवाय गेल्यास परतावे लागण्याचीच शक्यता अधिक, म्हणून मुलांची तपासणी जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर किंवा दिवाळीनंतर ठेवणे सोयीचे. सर्वांत खटकणारी गोष्ट म्हणजे जिना. तो अरुंद आणि उंच पायऱ्यांचा आहे, पावसाळ्यात निसरडा होतो आणि कठडा एकाच बाजूला आहे. गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी दूरध्वनी करून सकाळची पहिली वेळ मागावी. त्या वेळी तेथील मदतनीस खाली येऊन हात धरतात आणि वर बसून वाट पाहण्याचीही वेळ येत नाही.