कृत्तिका की आकाशगंगा? १९९७ च्या दोन अल्बमपैकी आधी कोणता ऐकावा

गोवा ट्रान्स, म्हणजे गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांतून आलेलं इलेक्ट्रॉनिक नाचाचं संगीत, ऐकायला लागलेला माणूस महिन्या-दोन महिन्यांत या प्रश्नाशी येऊन थांबतोच. अंतराळावरचा एखादा अख्खा अल्बम ऐकायचाय, तर 'डान्सिंग गॅलक्सी' घ्यायचा की 'आय.एफ.ओ.'? दोन्ही १९९७ चे. दोन्हींत गाण्याचे शब्द नाहीतच म्हटलं तरी चालेल, ट्रॅक लांबलचक, आणि नावं सगळी आभाळातली. जुने ऐकणारे आपापली बाजू इतक्या त्वेषानं मांडतात की नवख्याला वाटावं, एका घराण्याचा गंडा बांधला की दुसऱ्याचं दार बंद.

तसं काही नसतं. पण दोन्हींचा स्वभाव इतका वेगळा आहे की चुकीचा आधी हाती लागला तर माणूस या संगीताचा नाद सोडतो. अशी दोन-तीन माणसं मी स्वतः गमावली आहेत.

आधी ओळख. 'डान्सिंग गॅलक्सी' हा अॅस्ट्रल प्रोजेक्शन या इस्रायली जोडीचा अल्बम. अवी निसिम आणि लिओर पर्लमटर हे ते दोघं. सक्तीची लष्करी सेवा संपवून इस्रायली पोरं पाठीवर पिशवी टाकून भारतात यायची आणि त्यातली पुष्कळशी हणजूण-वागातोरला महिनोन् महिने राहायची. त्या पिढीला किनाऱ्यावर जे भेटलं, ते या जोडीनं घरी बसून घासूनपुसून, सुरात बसवून परत दिलं. अल्बममध्ये आठ ट्रॅक आहेत आणि शेवटच्याच्या नावात 'डिस्को व्हॅली' येतं. ही जागा खरी आहे. वागातोरच्या किनाऱ्याला लागून टेकड्यांच्या मधे एक खोलगट भाग आहे, तिथे नव्वदच्या दशकात रात्रभर पार्ट्या चालायच्या. बाजूला चटया टाकून, कंदील लावून गावातल्या बाया चहा नि ऑम्लेट विकायच्या. आकाशगंगेत नाचून झाल्यावर अल्बम शेवटी उतरतो तो असा थेट बार्देश तालुक्यात.

'आय.एफ.ओ.' इटालियनांचा. एटनिका नावाची चौघांची टोळी होती, तीच प्लेआडियन्स हे दुसरं नाव लावून आली. अल्बम लंडनच्या ड्रॅगनफ्लाय रेकॉर्ड्सनं काढला. नावात एक खट्याळपणा आहे: यूएफओ म्हणजे न ओळखलेली उडती वस्तू, यांची मात्र 'ओळखलेली'. आणि प्लेआडियन्स म्हणजे कोण, तर आपल्या कृत्तिकांवर राहणारे. कृत्तिकांवरून कोणी प्रगत जीव पृथ्वीशी बोलतात, ही समजूत सत्तरच्या दशकापासून पाश्चात्त्य गूढवादी मंडळींत फिरत होती, तिच्यावरच हे सगळं उभं आहे. ट्रॅकची नावं त्या ताऱ्यांचीच: माया, इलेक्ट्रा, टायगेटा, अॅस्टेरोपी, अल्सायोनी. ग्रीकांच्या त्या सात बहिणी; आपण सहाच मोजल्या आणि त्यांना कार्तिकेयाला दूध पाजायला लावलं. अल्सायोनी हा त्या पुंजक्यातला सर्वांत तेजस्वी तारा, आणि गंमत म्हणजे अल्बममधल्या ज्या ट्रॅकवर लोक सर्वांत जास्त जीव टाकतात, तोही 'अल्सायोनी'च.

कान कुठे लागतो

'डान्सिंग गॅलक्सी'चा शीर्षक-ट्रॅक लावा. ठेका सुरू व्हायच्या आधी आवाजांचं एक धुकं पसरतं, मग खालून खर्ज पळायला लागतो, आणि मग धून येते. ही धून महत्त्वाची. भांडी घासताना गुणगुणता येईल अशी ती आहे. एकदा आली की जराशी बाजूला होते, परत येते, तिच्यावर दुसरी चढते, आणि कुठेतरी मधे ठेका थांबवून नुसते सूर तरंगत ठेवतात. त्यानंतर ठेका परत पडला की जे होतं, त्यासाठी माणसं या संगीतात येतात. भजनात बुवांनी चाल खाली आणून पखवाजाला हात आवरायला लावायचा आणि मग सगळ्यांनी एकदम उसळी घ्यायची, हे ज्यानं लहानपणी पाहिलंय त्याला ही युक्ती शिकवावी लागत नाही.

आणि स्वर. आपल्याकडचा कान इथे एकदम टवकारतो, कारण या संगीतात कोमल रिषभाची रेलचेल आहे. कधी भैरवीसारखं, कधी बसंत मुखारीच्या अंगानं. राग म्हणून कोणी ते वाजवत नाही. भूमध्य समुद्राच्या काठचे आणि आपले स्वर इथे योगायोगानं शेजारी बसतात. रात्रभराच्या पार्टीत काळोखात कडक, रोखठोक ट्रॅक वाजायचे आणि उजाडल्यावर सुरेल. आपली मैफल भैरवीनं संपते, तसाच काहीसा प्रकार. 'डान्सिंग गॅलक्सी' हा माझ्या लेखी उजाडतानाचा अल्बम.

'आय.एफ.ओ.' रात्री तीनचा. इथे धून नाही असं नाही, उलट धुनांची गर्दी आहे. पण एकही धून स्वस्थ बसून ऐकू देत नाहीत. 'अल्सायोनी' नीट ऐका, शक्यतो हेडफोन लावून. पहिल्या दोन-तीन मिनिटांत एक चरचरीत ओळ येते. टीबी-३०३ नावाच्या, रोलंड कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक वाद्ययंत्राचा तो घराण्यातला आवाज, तेल तापून मोहरी तडतडावी तसा. पहिली ओळ कानात बसतेय तोवर दुसरी तिला छेदून जाते, मग तिसरी डाव्या कानातून उजव्या कानात. सहाव्या-सातव्या मिनिटाला नेमक्या किती ओळी चालू आहेत हे मोजायचा मी प्रयत्न केलाय. पाचाच्या पुढे हिशेब सुटतो. वेगही जास्त, आणि मधे श्वास घ्यायला जागा फार कमी.

टीबी-३०३ चं नाव आलंच आहे तर एक आडवळण घेतो. हे यंत्र निघालं १९८१ मध्ये, बास गिटारची नक्कल करायला. नक्कल जमली नाही, यंत्र खपलं नाही, कंपनीनं तीन-चार वर्षांत बंद केलं आणि मग ते जुन्या बाजारात पडेल भावानं पोरांच्या हाती लागलं. पण त्याही आधी, १९८२ मध्ये, हेच यंत्र वापरून मुंबईत चरणजित सिंग या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या वादकानं डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांचा अल्बम काढला होता. तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. 'हे सगळं गोऱ्यांचं' असं कोणी म्हणालं की मी ते दहा राग लावतो.

तक्रारी, आणि त्यांचा अर्थ

स्तुती दोन्हींची सारखीच होते: अभिजात, अजोड वगैरे. निर्णय घ्यायला ती निरुपयोगी. तक्रारी ऐकाव्यात.

'डान्सिंग गॅलक्सी'वरची मुख्य तक्रार: गोड आहे, फार गोड. सूर लावायची पद्धत ठरलेली, चढण ठरलेली, उतार ठरलेला; तीन ट्रॅकनंतर चौथ्यात काय होणार हे सांगता येतं. आमचा भाचा, जो या संगीताच्या आजच्या वेगवान, कोरड्या शाखेवर वाढलाय, तो याला सरळ 'रिंगटोन' म्हणतो. त्याचं अगदीच चुकत नाही. 'लाइफ ऑन मार्स' ऐकताना मलाही वाटतं की मंगळावर पोचायची यांना जरा जास्तच खात्री होती. त्या काळाला ती होती म्हणा. १९९७ च्या ४ जुलैला पाथफाइंडर मंगळावर उतरलं, त्याच्या आदल्या वर्षी मंगळावरून आलेल्या अशनीत जीवसृष्टीच्या खुणा सापडल्याचा गाजावाजा झाला होता, आणि त्या वसंतात हेल-बॉप धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. आभाळ घरच्यासारखं झालं होतं.

'आय.एफ.ओ.'वरची तक्रार: दमवतो. कर्कश आहे, वरच्या सुरांचा मारा फार, खालचा खर्ज त्या मानानं बारीक. सलग ऐकवत नाही. आमच्या घरी तर हा अल्बम लागला की स्वयंपाकघरातून आवाज येतो, "अहो, मिक्सर चालू राहिलाय का बघा." लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी विचारते ती खरंच की मुद्दाम, हे मला कळलेलं नाही.

आणि एक तक्रार दोन्हींवर होते: 'सगळे ट्रॅक सारखेच.' इथे मात्र थांबून ऐकावं, कारण शब्द एक असले तरी म्हणणं एक नाही. 'डान्सिंग गॅलक्सी' सारखा वाटतो तो साचा दिसतो म्हणून. 'आय.एफ.ओ.' सारखा वाटतो तो आतलं काही अजून दिसलेलंच नसतं म्हणून. पहिला अल्बम पहिल्याच ऐकण्यात जवळपास सगळा हाती येतो. विसाव्या वेळी तो तितकाच आवडतो, पण जास्त नाही. दुसरा पहिल्यांदा भिंतीसारखा उभा राहतो. पाचव्या-सहाव्यांदा भिंतीत विटा दिसतात. माझ्या बाबतीत 'माया' हा ट्रॅक आवडायला तब्बल दोन पावसाळे गेले.

अंतराळ नक्की कुठे आहे, यावरही वाद होतोच. शब्द नसलेल्या संगीताला ताऱ्यांची नावं दिली म्हणजे ते अंतराळाचं झालं का? हा आक्षेप मला पटतो, अर्धा. 'डान्सिंग गॅलक्सी'त अंतराळ म्हणजे देखावा आहे, खिडकीतून पाहिलेला: लांब, चमचमता, सुरक्षित. 'आय.एफ.ओ.'त खिडकीच नाही. तुम्ही यानाच्या इंजिनात आहात आणि बाहेर कृत्तिका आहेत हे कोणीतरी सांगितलंय एवढंच. ज्याला आभाळ बघायचंय त्याला पहिला बरा. ज्याला वेगानं जायचंय, कुठे ते गौण, त्याला दुसरा.

मग कोणता?

गाण्याचा कान असेल, चाल लक्षात राहायला हवी असेल, या संगीताशी पहिलीच गाठ असेल, तर 'डान्सिंग गॅलक्सी'. गाडी चालवताना, लिहिताना, झाडलोट करताना तो सोबत करतो. घरातल्यांचीही फारशी कुरकुर होत नाही. फक्त शेवटचा संथ ट्रॅक टाळू नका. ठेका बाजूला सारून तोच शीर्षकाचा विषय तिथे सावकाश मांडलाय, आणि माझ्या मते अल्बममधलं सर्वांत कमी 'ठरलेलं' काम तेच आहे.

आधीच टेक्नो, मेटल किंवा झाकिरभाईंचे तबल्यावरचे लांब कायदे-रेले ऐकायची सवय असेल, म्हणजे दाट लयकारीला घाबरत नसाल, तर सरळ 'आय.एफ.ओ.' लावा. पण एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. 'अल्सायोनी' एकटा ऐका, दोन दिवस जाऊ द्या, मग 'इलेक्ट्रा'. फोनच्या स्पीकरवर तर मुळीच नको. तिथे त्या पाच ओळींचा एक गोंगाट होतो आणि दोष अल्बमच्या माथी जातो.

मधला मार्ग म्हणून लोक सायमन पॉस्फर्डचा, म्हणजे हॅल्युसिनोजेनचा, १९९५ चा 'ट्विस्टेड' सुचवतात. अल्बम थोरच, पण 'अल्फा सेंटॉरी' हा ट्रॅक सोडला तर त्याला अंतराळाचा म्हणणं ओढूनताणून होईल. ते काम जास्त डोक्याच्या आतलं. जूनो रिअॅक्टरचा त्याच वर्षीचा 'बियाँड द इन्फिनिट' मात्र तिसऱ्या नंबरला जरूर ठेवा.

पैसे एकाचेच असतील, सीडी किंवा तबकडी विकत घ्यायची असेल, तर माझा सल्ला जरा तिरका आहे. ऐकायला सुरुवात 'डान्सिंग गॅलक्सी'नं करा, पैसे 'आय.एफ.ओ.'वर घाला. पहिला कुठूनही, कसाही ऐकला तरी पोचतो. माझ्याकडे तो हणजूणच्या बुधवारच्या बाजारात घेतलेल्या, कोणीतरी घरी भरलेल्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर होता. 'ए' बाजू संपताना एक ट्रॅक ऐन चढणीवर खटकन तुटायचा, आणि कॅसेट उलटून घालेपर्यंत आंबोलीच्या घाटात एसटीची दोन वळणं जायची. आज तो ट्रॅक अखंड ऐकतो तरी त्या जागी हात वॉकमनकडे जातो. 'आय.एफ.ओ.' त्याच बाजारातल्या तसल्याच कॅसेटवर ऐकला तेव्हा नुसता चिखल वाटला होता. पुढे एका मित्राकडे मूळ सीडी बऱ्या स्पीकरवर ऐकली आणि कळलं, आपण तो अल्बम तोवर ऐकलाच नव्हता.

डिस्को व्हॅलीत जाऊन रात्रभर ऐकायचा बेत असेल, तर तो सोडा. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला कायद्यानं बंदी आहे आणि ते दिवस गेले. त्यापेक्षा कार्तिकात जेवणं उरकल्यावर गच्चीवर जा. पूर्वेला वर चढलेला तो धूसर पुंजका सापडेल. आहे तो सुमारे ४४० प्रकाशवर्षांवर. डोळे चांगले असतील तर सहा मोजाल, दुर्बीण असेल तर कितीतरी जास्त. आणि कानात 'अल्सायोनी' असेल तर आवाज थोडा कमीच ठेवा, खालून कोणी मिक्सरबद्दल विचारलं तर ऐकू यायला हवं.