पौंडाचे टन करताना: २.२ ने भागायचं की ०.४५३५९२३७ ने गुणायचं?

शिकागोच्या वायदे बाजारातला सोयाबीन भाव लातूरच्या क्विंटलात आणताना दोन रीती चालतात. एक, पौंडांना २.२ ने भागून किलो काढायचे. दुसरी, पौंडांना ०.४५३५९२३७ ने गुणायचं. एका पौंडाचे नेमके एवढेच किलो, हे १९५९ पासून ठरलेलं आहे.

२.२ तोंडी जमतं, आडतीवर उभ्या उभ्या कामाला येतं. पण वजन दरवेळी ०.२१ टक्के जास्तच निघतं. ५५,११६ पौंड माल म्हणजे खरा २५ टन, २.२ ने भागला की २५,०५३ किलो दिसतो. अर्धा क्विंटल नुसता कागदावरचा! अंदाजाला चालेल, बिलाला अजिबात नाही.

भावात चूक उलटी पडते. शिकागोत सोयाबीनचा भाव बुशेलवर, म्हणजे धान्याच्या अमेरिकन मापावर असतो. सोयाबीनचं बुशेल ६० पौंडांचं, म्हणजे २७.२१५५ किलो. बुशेलला १० डॉलर असेल तर क्विंटलला ३६.७४ डॉलर, २.२ च्या रीतीने ३६.६७ च येतात. (मक्याचं बुशेल ५६ पौंडांचं, तिथे ६० धरू नका.)

खरा फटका मात्र पेंडीत बसतो. शिकागोत पेंडीचा भाव २,००० पौंडांच्या अमेरिकन टनावर असतो, म्हणजे ९०७.१८५ किलोवर. ३०० डॉलरचा भाव आपल्या टनाला ३३०.६९ होतो. ब्रिटिश टन आणखी वेगळा, २,२४० पौंडांचा, १,०१६.०५ किलो. म्हणून रीत कोणतीही घ्या, आधी टन कुठला ते विचारा. हिशेब पक्का करायचा तर गुणाकारच करा आणि आकडा शेवटीच पूर्णांकात आणा.