एफ वन दाबा म्हणतंय, पण दाबू कशाने? (४ स्टार)

आधीच सांगून टाकतो, कीबोर्ड खराब नव्हता. एक नवीन कीबोर्ड विकत घेऊन, एक शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा मागून आणून आणि तीन दिवस डोक्याची मंडई करून घेतल्यावर मला हे कळलं, आणि कळलं ते जळगावच्या गोलाणी मार्केटातल्या ह्या कॉम्प्युटर रिपेअरच्या दुकानात, म्हणून हा रिव्ह्यू. लांबलाय जरा, पण घरात किंवा दुकानात जुना डेस्कटॉप असेल तर वाचा.

माझं अमळनेरला डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. मशीन असेंबल केलेलं, जी ३१ चिपचा जुना मदरबोर्ड, दोन जीबी रॅम, विंडोज एक्सपी. फेकून दे की म्हणणारे खूप आहेत. नवीन कॉम्प्युटर पण आहे हो माझ्याकडे, पण श्रीलिपीचं (मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर) जुनं व्हर्जन, ते चालायला लागणारं डोंगल आणि इतक्या वर्षांच्या कोरलच्या फाईली ह्या डबड्यातच नीट उघडतात, दुसरीकडे उघडल्या की वेलांट्या एकीकडे अन् अक्षरं दुसरीकडे. नेटला जोडलेलं नाही, त्यामुळे एक्सपी असलं तरी मला काही टेन्शन नाही.

तर एप्रिलचा शेवटचा आठवडा, लग्नसराई जोरात, सकाळी बटण दाबलं तर काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरात सीमॉस चेकसम एरर, डीफॉल्ट्स लोडेड, आणि त्याच्याखाली पुढे जायचं तर एफ वन दाबा, सेटअपमध्ये (म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जायचं तर डिलीट दाबा. दाबलं. काहीच नाही. परत दाबलं, धरून ठेवलं, ठोकलं. नम लॉक दाबून पाहिलं तर तो दिवा पण लागेना. म्हणजे दाबा म्हणणारं पण तेच आणि दाबल्यावर ऐकून न घेणारं पण तेच, सरकारी खिडकीसारखं.

मग जे सगळे करतात ते केलं. यूएसबी काढून मागच्या पोर्टात लावली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नवीन कीबोर्ड आणला साडेचारशेचा, तो पण मुका. मग ड्रॉवरमध्ये ते यूएसबीचं गोल पिनमध्ये करणारं छोटं जांभळं कन्व्हर्टर सापडलं, ते लावलं, तरी नाही. व्हिडिओ बघून बोर्डावरचा गोल सेल काढला, पाच मिनिटं थांबलो आणि तोच सेल परत बसवला, हसू नका. गावातल्या एकाला बोलावलं, त्याने कॅबिनेटला हात पण न लावता बोर्ड गेला म्हणून सांगितलं आणि नवीन सेटचा भाव बोलून मोकळा झाला. इकडे एका पार्टीचं प्रूफ अडकलेलं, नवरीच्या आत्याचं नाव राहिलं होतं प्रेषकात, आणि आत्या फोनवर फोन.

झेरॉक्सवाला म्हणे जुना गोल पिनचा कीबोर्ड लावून बघ. अख्ख्या अमळनेरमध्ये फिरलो, एकाकडे नाही. ज्या गावात १९४५ साली वनस्पती तुपाचा कारखाना निघाला आणि त्याच कंपनीची पुढे विप्रो झाली, त्या गावात गोल पिनचा एक कीबोर्ड मिळू नये! असो. सीपीयू चादरीत गुंडाळला, दोरी बांधली आणि सुरत-भुसावळ लाईनची पॅसेंजर धरली. धरणगावला एक आजी चढल्या, बराच वेळ गाठोड्याकडे बघून शेवटी विचारलं, "भाऊ, मूर्ती शे का?" म्हटलं हो आजी, ऐकत नाही अशी.

जळगावला उतरलो तेव्हा ऊन असं की सीपीयूचा पत्रा हाताला चटका देत होता. आणि इथे पहिली तक्रार, दुकान वर आहे, जिना चढायचा, आणि दुकानात बसायला स्टूल एकच, त्याच्यावर प्रिंटर ठेवलेला. माझा नंबर लागायला सव्वा तास गेला. फोन करून विचारावं तर फोन उचलत नाहीत, कारण दोन्ही हात कोणाच्या तरी कॅबिनेटमध्ये असतात.

पण त्या सव्वा तासात फुकट शिकायला मिळालं. माझ्या आधी यावलकडचा एक जण होता, केळीची गाडी खाली करून आलेला, त्याचं मशीन नवीन आणि दुखणं वेगळं, विंडोज चालू झालं की कीबोर्ड एकदम ओके, पण चालू होताना डिलीट दाबून सेटअपमध्ये जाता येईना. दादाने (दुकानवाल्याला सगळे दादाच म्हणतात) आधी कीबोर्डची पिन निळ्या पोर्टातून काढून काळ्या पोर्टात लावली, म्हणे निळा तो थ्री पॉइंट झिरो, काही बोर्डांना विंडोज चढायच्या आधी त्याच्यावरचा कीबोर्ड दिसत नाही. तरी नाही झालं. मग विंडोजमध्येच शिफ्ट दाबून धरून रीस्टार्ट केलं, तिथल्या मेनूतून सेटअपमध्ये शिरला आणि फास्ट बूट बंद केलं. ते चालू असलं की मशीन घाईत कीबोर्ड बघतच नाही म्हणे. पुढच्या वेळी डिलीट चाललं. वीस मिनिटं.

माझा नंबर आला. दादाने स्क्रीनवरची ओळ वाचली आणि काउंटरखालून एक कीबोर्ड काढला, पिवळा पडलेला, स्पेसबार झिजून आरशासारखा झालेला, गोल जांभळ्या पिनचा. मी चालू मशीनला लावायला हात पुढे केला तर मनगटच धरलं माझं. गोल पिन कायम मशीन बंद करून लावायची, चालूत लावली तर एक तर ओळखत नाही आणि नशीब खराब असलं तर पोर्ट जातो. बंद केलं, पिनमधली ती काळी चपटी दांडी बघून अलगद बसवली, चालू केलं, आणि नम लॉकचा हिरवा दिवा लागला. एफ वन दाबलं, एक्सपीचा झेंडा आला. तीन दिवस, आणि एक कळ.

मग म्हणतो कसा, "भाऊ, कीबोर्ड बेस शे, सेल मरी गया." मीटर लावून दाखवलं, तीन व्होल्टचा सेल दोनच्या पण खाली आलेला. सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, हे पण तेव्हा कळलं, इतकी वर्षं मला तो मॉडेल नंबर वाटायचा.

आता सेल मेल्यावर कीबोर्ड का मरतो, हे मला नीट कळायला त्याला दोनदा सांगावं लागलं. यूएसबीचा कीबोर्ड विंडोज चढल्यावर विंडोज सांभाळतं, पण त्याच्या आधी तो बायोसने, म्हणजे बोर्डातल्याच छोट्या प्रोग्रामने, सांभाळायचा असतो, आणि ह्या जुन्या बोर्डात त्यासाठी वेगळी सेटिंग असते, यूएसबी कीबोर्ड सपोर्ट. माझ्या बोर्डात ती कंपनीकडून बंदच येते. कधीतरी आधीच्या कारागिराने चालू करून दिली असणार, ती सेलच्या जिवावर टिकून होती. सेल संपला, सगळ्या सेटिंग पुसल्या, बोर्ड मूळपदावर आला, म्हणजे यूएसबी कीबोर्ड बंद. आणि ही तक्रार स्क्रीनवर लिहून तो थांबला माझ्या एफ वनची वाट बघत. गोल पिनला असली परवानगी लागत नाही. ते जांभळं कन्व्हर्टर पण म्हणून चाललं नाही, ते नुसत्या वायरी इकडच्या तिकडे करतं, कीबोर्डलाच दोन्ही भाषा येत असतील तर चालतं, हल्लीच्या बऱ्याच कीबोर्डना येत नाहीत. आणि बोर्डावरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) हलवून सेटिंग रीसेट करा असं व्हिडिओत सांगतात ना, ते केलं असतं तर परत तेच, कीबोर्ड बंदच्या बंद.

नवीन सेल टाकला, डिलीट दाबून आत गेला, इंटिग्रेटेड पेरिफेरल्समध्ये यूएसबी कीबोर्ड सपोर्ट चालू केलं, तारीख २००९ वर गेलेली ती नीट केली, आणि हॉल्ट ऑन म्हणून एक ओळ असते तिथे ऑल बट कीबोर्ड करून ठेवलं, म्हणजे कीबोर्ड दिसला नाही तर निदान त्या कारणाने मशीन अडून बसणार नाही. एफ टेन, सेव्ह.

मला आवडलं ते ह्याच्या पुढचं. मी पाकीट काढलं तर म्हणे थांबा. पॉवरची वायर पूर्ण काढून ठेवली, चहा मागवला, दहा-पंधरा मिनिटं काढली, मग गोल कीबोर्ड काढून माझाच यूएसबीवाला लावून मशीन चालू केलं. तारीख बरोबर, एरर नाही, डिलीट दाबलं की सेटअप उघडतोय. मग पैसे घेतले. सेलचे चाळीस, कामाचे दीडशे, आणि तो पिवळा कीबोर्ड मी हट्टाने मागितला त्याचे शंभर. द्यायला तयार नव्हता, त्याचं हत्यार आहे ते, पण मागच्या कपाटात अजून तीन निघाले.

एक घरची गोष्ट पण ह्यातून निघाली. नाना रोज रात्री दुकानाचं मेन स्विच बंद करतात, शॉर्टसर्किटच्या भीतीने. दादा म्हणे प्लगला करंट असला की मशीन बंद असूनही बोर्डला थोडा करंट मिळतो आणि सेलला आराम असतो, मेन बंद केलं की रात्रभर सेल एकटा राबतो. नानांना सांगून बघितलं. नानांनी त्या रात्री मेन बंद केलं आणि वरून वायर पण काढून ठेवली. त्यामुळे मी आता दोन सेल जास्तीचे आणून ठेवलेत.

काम आणि बोलणं ह्याला पूर्ण मार्क. एक स्टार कापला तो बसायची सोय नाही, बिल मागितलं तर कागदाच्या चिठोऱ्यावर, आणि धूळ काढायचा ब्लोअर पॅसेजमध्ये असा मारला की माझ्या शर्टावर पंधरा वर्षांची अमळनेरची धूळ जळगावला बसली, ह्यासाठी. शिवाय घरी येऊन बघतो तर कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याला दोन स्क्रू होते त्यातला एकच लावलाय, पंखा फिरला की पत्रा खर्र वाजतो. दादा, वाचत असाल तर तो स्क्रू सांभाळून ठेवा, पुढच्या आठवड्यात टोनर घ्यायला येतोय.