जुनी लाकडी डिंगी: आहे तशी विकावी, की नीट करून?

ताडपत्रीखाली वर्षानुवर्षं पडून असलेली शिडाची लाकडी डिंगी, म्हणजे छोटी होडी, वारशानं किंवा कवडीमोलानं हाती आली, की माणूस पेचात पडतो. आहे तशी विकून मोकळं व्हावं, की नीट करून चार पैसे जास्त मिळवावेत? मी दोन्ही करून पाहिलं आहे. माझं मत आधीच सांगतो: फक्त पैशासाठी पूर्ण जीर्णोद्धाराच्या मागे लागू नका, त्यातून कष्टाचं मोल सुटत नाही. पण धूळसुद्धा न झटकता विकणं हाही बहुतेक वेळा तोट्याचाच सौदा. यांच्या मधली वाट मला सगळ्यात पटते, तिच्याकडे येतोच.

त्याआधी एक काम करा. अणकुचीदार स्क्रूड्रायव्हर घ्या आणि होडीखाली आडवे व्हा. मागच्या आडव्या फळीचे खालचे कोपरे, सेंटरबोर्डच्या (होडीच्या मधून पाण्यात खाली सोडायच्या फळीच्या) पेटीचा तळ, डोलकाठीचा बुंधा टेकतो ती जागा, डेकखालचे हवा न लागणारे कोपरे, सगळीकडे टोक हलकेच दाबून पाहा. एकदा मी घेतलेल्या होडीचा मागचा कोपरा ताज्या रंगानं चकाकत होता. टोक टेकवलं आणि लोण्यात सुरी जावी तसं ते बोटभर आत गेलं. बाहेर काढलं तर त्याला ओला, तपकिरी भुसा चिकटलेला. लाकूड कुजतं ते बहुधा साचलेल्या पावसाच्या पाण्यानं, समुद्राच्या खाऱ्या पाण्यानं त्या मानानं कमी. म्हणून उघड्यावर नुसती पडून राहिलेली होडी रोज पाण्यात जाणाऱ्या होडीपेक्षा जास्त संशयानं तपासावी.

आता होडीची घडण पाहा, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. मिरर डिंगी 1962 साली जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी घरी बांधता यावी म्हणूनच आखली: प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेनं टाचायचे आणि सांध्यांवर काचतंतूची पट्टी व रेझिन चढवायचं. अशा 70,000 हून अधिक होड्या झाल्या. दुरुस्ती सोपी, पण मिरर कितीही चकचकीत केलीत तरी घेणाऱ्यापुढे दुसऱ्या दहा असतात. उफा फॉक्स या होडीरचनाकाराची 1946 ची फायरफ्लाय वेगळी. फेअरी मरीन कंपनीनं तिची अंगं युद्धकाळातल्या विमानबांधणीच्या तंत्रानं, पातळ लाकडी पापुद्रे उष्णतेखाली एकमेकांवर चिकटवून घडवली. पापुद्रे सुटलेले नसतील तर अशा होडीवर मेहनत घ्यायला जीव होतो. सुटले असतील तर एकेक थर उतरता तासून नवा बसवावा लागतो. ते नवशिक्याचं काम नव्हे.

तिसरी जात म्हणजे क्लिंकर. एकीवर एक चढवलेल्या फळ्या आणि तांब्याच्या खिळ्यांनी केलेले सांधे. सुकली की फटी पडतात आणि पाहणारा घाबरतो. घाबरू नका. पाण्यात ठेवली की दोनचार दिवसांत लाकूड फुगून बऱ्याचशा फटी आपोआप मिटतात. घात होतो तो त्यात घट्ट लांबी (पुट्टी) भरल्यावर: लाकडाला फुगायला जागा उरत नाही, आणि फळी तडकते किंवा खिळे ताणले जातात. अशी होडी इपॉक्सीत (वाळून कडक होणाऱ्या चिकट रेझिनमध्ये) मढवण्याचा मोहही टाळा, तिच्या फळ्या हलणाऱ्या आहेत.

पूर्ण जीर्णोद्धारात वेळ कुठे जातो तेही ऐका. जुनं वॉर्निश गरम हवेनं सैल करून खरवडायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं, त्यामुळे कोरडं घासायचं नाही, तापवायचंही नाही; ओला सँडपेपर आणि चांगला मास्क हवाच. लाकडातला ओलावा साधारण 12 टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय इपॉक्सी लावू नये, आणि तेवढं सुकायला आठवडेच्या आठवडे लागतात. मग वॉर्निशचे सहा ते आठ हात, प्रत्येक हातानंतर रात्रभर वाळवणं आणि बारीक कागदानं घासणं. शिडं गेलेली असतील तर नव्यांचाच खर्च कित्येकदा होडीच्या किमतीवर जातो. हे तास मजुरीत धरलेत तर विक्रीची किंमत कधीच पुरत नाही. स्वतःला दोनतीन हंगाम ती चालवायची असेल, किंवा शिडावरचा क्रमांक अगदी सुरुवातीचा, मूळ ब्राँझचे सामान जागेवर आणि होडी तिच्या वर्गाच्या मापात असल्याचं मोजणीचं प्रमाणपत्र हातात असेल, तरच यात पडा. तेव्हाही मूळ सामान काढून चकचकीत स्टील बसवू नका. जाणकार त्याचेच पैसे कमी करतो.

कणा किंवा बऱ्याच बरगड्या कुजल्या असतील, किंवा कोरडी जागाच नसेल, तर आहे तशी विका. ट्रेलर चांगला असेल तर किंमत मुख्यतः त्याचीच येते. डोलकाठी, शिडं आणि ब्राँझचं सामान सुटं विकलं तर एकत्र विकण्यापेक्षा जास्त मिळू शकतं. मला व्यक्तिशः होडी तोडताना वाईट वाटतं, पण चार होड्या त्या सामानावर पुन्हा तरंगतील तर ते पाप नाही.

आणि मधली वाट अशी. आतून-बाहेरून धुवा, वाळवा. कुजलेला एखादा कोपरा असेल तर तो नव्या लाकडानं नीट करा. झिजलेले दोर बदला. रंगाला हात लावू नका. गाठीशी पैसा असलेला गिऱ्हाईक ताज्या रंगाला बिचकतो, त्याला खालचं लाकूड पाहायचं असतं. मग एक दिवस होडी पाण्यात सोडा, क्लिंकर असेल तर आधी फुगू द्या, आणि तळ कोरडा दिसेल असा व्हिडिओ काढा. त्या दोन मिनिटांनी माझी होडी विकली गेली. त्याच होडीचे नुसते फोटो महिनाभर पडून होते. दुरुस्त केलेल्या कोपऱ्याचे आधीचे फोटोही विकत घेणाऱ्याला द्या, आणि किंमत सांगण्यापूर्वी द्या.