दैववादी कोण, आजोबा की नातू?

सोलापूरच्या पूर्व भागातला जुना विणकर बोलायला बसला की ‘सिद्धेश्वराची कृपा’ हे शब्द येतातच. त्यावरून आपण ठरवून टाकतो की जुनी पिढी दैववादी आणि नवी स्वतःच्या बळावर चालणारी. मला चित्र उलटं दिसतं.

यंत्रमागावर जितकं विणाल तितकी मजुरी. चार चादरी जास्त निघाल्या की आठवड्याच्या पगारात दिसायच्या. तोंडी देव असला तरी हिशेब हाताचा. नातू मात्र स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत बसतो. जाहिरात कधी निघेल, निकाल कधी लागेल, नियुक्ती कधी मिळेल, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. तो नशिबाऐवजी ‘सिस्टीम’ म्हणतो, एवढाच फरक.

अमेरिकेतही असंच काहीसं आढळलं. आयुष्याची सूत्रं आपल्याकडे की बाहेर, हे मोजायची प्रश्नावली ज्युलियन रॉटर यांनी १९६६ मध्ये मांडली. पुढे जीन ट्वेंगी आणि सहकाऱ्यांनी १९६० ते २००२ मधले अभ्यास एकत्र तपासले. २००२ चा सरासरी कॉलेज विद्यार्थी साठच्या दशकाच्या सुरुवातीच्या ८० टक्के विद्यार्थ्यांपेक्षा जास्त ‘बाहेर’ बोट दाखवणारा निघाला. अर्थात, ते आकडे तिकडचे. सोलापूरला जसेच्या तसे लावू नयेत.

आजोबांचा काळ सोन्याचा होता असंही नाही. गिरण्या बंद पडल्या तेव्हा कामगाराला कुणी विचारलं नव्हतं.

पाण्यापुरत्या मात्र दोन्ही पिढ्या सारख्याच हतबल: उजनी भरलं तरी नळ काही दिवसांआडच.